भगवानराव वाचत नसत

"सगळं झाकून टाकलंस तू, सगळं! आता त्या पालमवाल्याला काय सांगू मी? बाबा रे, पडद्यामागं धप्पकन कायतरी पडलंय, पण काय पडलं ते आमालाबी दाखवत न्हाईत?"

"काका, त्या पायरीत पासवर्ड असतो. उघडं नाही ठेवता येत."

"किती वळीचा असतो पासवर्ड?"

"एका."

"आन् झाकल्यास किती वळी? डोक्याला खोक पडली म्हणून कुणी टाचेपर्यंत पट्टी बांधतं का माय?"

"असतील दहा-वीस."

"सत्तेचाळीस. मोजल्यात मी."

"मोजल्यात? रोजच्या फोटोतली एक ओळ वाचत नाही तुम्ही, आणि मोजायला बरं येतंय!"

"मोजायला वाचावं लागत न्हाई," भगवानराव म्हणाले. हातातला फोन पुन्हा वाजला तसा त्यांनी तो तिच्या तोंडासमोर धरला. "घे. तूच सांग त्यांला. तिसऱ्यांदा करायलेत फोन. लाल दिसायलं काका, लाल कामून दिसायलं काका? मी आपला चुकलेल्या पोरावानी गप."

ज्ञानेश्वरीने फोन घेतला नाही. घेतला असता तर तिलाही काही सांगता आलं नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि म्हणूनच तिचा आवाज चढला होता.

परभणीत वसमत रोडला औषधाच्या एका दुकानावर, लोखंडी जिना चढून गेलं की दोन खोल्यांचं हे ऑफिस. आतल्या खोलीत मालक शिवशंकर. बाहेरच्या खोलीत पिंगळीहून सकाळच्या गाडीने येणारी सत्तावीस वर्षांची ज्ञानेश्वरी आणि पाथरीहून एसटीने येणारे त्रेसष्ट वर्षांचे भगवानराव, दोघं समोरासमोर. काम म्हणाल तर जिल्ह्यातल्या नऊ खासगी दवाखान्यांचे संगणक सांभाळणं. पूर्वी त्यासाठी माणसं मोटारसायकलवर नऊ गावं फिरायची. ज्ञानेश्वरी आली आणि तिने कामांची एक यादी लिहिली. तिच्या धंद्यात त्याला प्लेबुक म्हणतात, पण काकांनी पहिल्याच दिवशी 'यादी' म्हटलं आणि तेच नाव पडलं. सकाळी आठला यादी आपोआप सुरू व्हायची. परभणीत बसल्या बसल्या नऊ गावची मशीनं जागी करायची, कालच्या नोंदींची प्रत घ्यायची, कुलपं तपासायची. आणि प्रत्येक पायरीला मशीन काय म्हणालं ते पडद्यावर उमटायचं. ठीक असलं तर हिरवं, काही बदललं तर पिवळं, अडलं तर लाल. बडबड म्हणजे किती! विचारलेलं सांगणार, न विचारलेलंही सांगणार.

म्हणून ज्ञानेश्वरीने प्रत काढायच्या अख्ख्या पायरीवर झाकण घातलं होतं. एका ओळीचा हुकूम. तो लिहिला की मशीनच्या बडबडीतल्या प्रत्येक ओळीच्या जागी एवढंच यायचं: 'येथील मजकूर झाकलेला आहे.' पासवर्ड लपला. पण त्याच्यासोबत मशीनचं दुखणंही लपलं.

"उद्यापर्यंत काढते शोधून," ती शेवटी म्हणाली.

"उद्या उद्या करत बस. तवर माझी इज्जत पालमच्या बाजारात."

इज्जतीचा विषय खराच होता. त्याचं असं झालं होतं की दोन वर्षांपूर्वी एका दवाखान्याने तक्रार केली, तुम्ही रोज प्रत काढतच नाही, नुसतं म्हणता. शिवशंकर चिडला आणि बोलून गेला, रोज पुरावा पाठवतो. तेव्हापासून यादी संपली की भगवानराव उठायचे, चष्मा पुसायचे, मोबाइल दोन्ही हातांत धरून पडद्याचा फोटो काढायचे आणि साडेआठच्या ठोक्याला 'सकाळची हजेरी' नावाच्या ग्रुपवर टाकायचे. नऊ दवाखान्यांचे डॉक्टर, कंपाउंडर, काउंटरवरची माणसं, सगळी मिळून अठ्ठावन्न जणं. फोटो पडला की 'राम राम काका', 'जयभीम काका', 'काका आज दोन मिनिटं लेट?' असा गलका व्हायचा. भगवानराव एकेकाला उत्तर द्यायचे. एका बोटाने नव्हे, दहाही बोटांनी, फोन टेबलावर आडवा ठेवून.

कारण बोटं टायपिस्टची होती.

पाथरीच्या तहसीलसमोर, लिंबाच्या झाडाखाली, लाकडी खोक्यावर मशीन ठेवून भगवानरावांनी तीस-बत्तीस वर्षं काढली. खरीदखतं, प्रतिज्ञापत्रं, फारकतीच्या नोटिसा, मुलीच्या शाळेचे अर्ज. एक प्रत अर्जदाराला, एक कचेरीला, एक वकिलाला, मध्ये दोन कार्बन. आणि कार्बनची एक खोड असते. कोरा कार्बन वापरला की जे टाइप केलं ते त्याच्या अंगावर कोरलं जातं. उन्हात धरला की अक्षर न् अक्षर वाचता येतं.

हे भगवानरावांना कळलं बायनाबाईमुळे. एका उन्हाळ्यात ती एकटीच आली होती, तोंडाला पदर लावून. बापाच्या शेतात तिचाही वाटा होता, भाऊ देत नव्हते. तिने हळू आवाजात सांगितलं, यांनी टाइप केलं. वापरलेला कार्बन डब्यात टाकला. चहाच्या गाड्यावर बसलेल्या कुणीतरी तो सहज उचलला, सहज उन्हात धरला. ती गावात पोचायच्या आधी बातमी पोचली. दहा दिवसांनी बायनाबाई परत आली, ती पहिला अर्ज मागं घ्यायचा दुसरा अर्ज लिहून घ्यायला. मनगटावर काळंनिळं. जाताना एवढंच म्हणाली, "दादा, तुमी वाचला होता व्हय माझा कागद?"

हा प्रसंग काकांनी ज्ञानेश्वरीला एकदाच सांगितला होता, तोही डबा खाताना, खाली मान घालून. "मी सांगितलं न्हवतं गं कुणाला. पण वाचला तर होताच की. मग न्हाई कशी म्हणू तिला?"

तेव्हापासून त्यांचे दोन नेम. संध्याकाळी निघताना दिवसभराचे कार्बन पत्र्याच्या डब्यात जाळायचे. आणि कुणाचा कागद वाचायचा नाही. डोळे अक्षरावर, बोटं कळीवर, मन तिसरीकडेच. 'तलाठी' टाइप करायचं तर त, ला, ठी. शब्द जुळू द्यायचाच नाही. ज्याला माहीतच नाही त्याच्या तोंडून निघणार काय? लोकांनाही हे कळलं. बायका दुरून यायच्या, आपलं गुपित यांच्याकडे द्यायला. "भगवानराव वाचत न्हाईत," म्हणायच्या.

मग संगणक आले, लिंबाखालची खोकी एकेक करून उठली. सात वर्षं भगवानराव घरी. त्यांची बायको गीताबाई म्हणायची, "पंख्यावानी झालंय ह्या माणसाचं. घरात नुसतं फिरायलंय, वारा न्हाई काही न्हाई." शिवशंकरच्या वडिलांचे कागद त्यांनीच टाइप केले होते. त्या ओळखीवर त्याने बोलावलं, आणि भगवानरावांना पुन्हा सकाळ मिळाली. सहा वाजता आंघोळ, कडक इस्त्रीचा शर्ट, पावणेसातची गाडी.

तर, पालमचं भांडण झालं तो सोमवार होता. दुपारपर्यंत ज्ञानेश्वरी तोंड फुगवून बसली. मग काका पुन्हा एकदा फोनवर "बघतो, बघायलो," असं म्हणाले आणि त्यांचा आवाज इतका लहान झाला की तिला राहवलं नाही. तिने यादी उघडली, झाकणाची ओळ काढली, पालमपुरती यादी पुन्हा चालवली. मशीन भडाभडा बोललं. लाल ओळींच्या गर्दीत एक साधं वाक्य होतं: प्रत ठेवायची डिस्क जागेवर नाही.

"काका, विचारा त्यांना, काळी डबी कुठाय?"

काकांनी फोन लावला. "ती काळी डबी हो, दिवा लुकलुकतो ती. ... काय? ... कूलरला? आवो, देवमाणसा!" त्यांनी फोनवर हात ठेवला. "कूलर लावायला पिन काढलीय तिची. शनिवार दुपारपासून!"

दोघंही इतकी हसली की आतून शिवशंकरने काचेवर टकटक केलं. गीताबाईंनी दिलेले धपाटे निघाले, सोबत दह्यातली चटणी. "खा माय. तुला उगाच बोललो मी सकाळी." "मीपण बोलले की." खाता खाता गंगाखेडच्या दवाखान्याचा फोन आला, त्यात संध्याकाळ झाली, पिंगळीच्या गाडीची वेळ झाली. पिशवी उचलून ज्ञानेश्वरी जिना उतरली.

झाकण काढलेलंच राहिलं.

मंगळवारी सकाळी गाडी पिंगळी सोडून जेमतेम पुढे आली होती. खिडकीशी उभं राहून ज्ञानेश्वरीने सवयीने ग्रुप उघडला. हजेरी पडली होती, साडेआठ म्हणजे साडेआठ. फोटो आज फारच स्वच्छ आला होता. हिरव्या ओळी, हिरव्या ओळी, आणि बरोबर मधोमध पिवळ्या अक्षरांत नऊही दवाखान्यांच्या नोंदींची चावी, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. खाली कुणीतरी 'राम राम काका'.

तिने घाईघाईने फोन लावला.

"काका, काढा तो फोटो! आत्ताच्या आत्ता!"

"कामून गं? लय साफ आलाय आज."

"काका, पासवर्ड दिसायलाय त्यात!"

फोन तिकडून कट झाला. गाडीचा खडखडाट तेवढा.

ती ऑफिसात पोचली तेव्हा भगवानराव उभेच होते. फोन टेबलावर पालथा. "काढला. गंगाखेडच्या दवाखान्यातल्या सुगतनं बी फोन केलता, तुझ्या आधी. बिचारं हळूच म्हणालं, काका, ग्रुपवर बोललो न्हाई, पण मधल्या वळीचं बघा. मी फोटो पुसला माय, पण एकेचाळीस जणांनी बघितला हाय तवर. पुसायच्या आधी दाखवत होतं तिथं."

"फोटो पुसून भागत नाही काका. कुलपंच बदलावी लागतील. नऊच्या नऊ."

"मग बदल. मी फोन लावतो एकेकाला, पाच मिनिटं थांबा म्हणतो." ते वळले, परत थबकले. "काय असतं गं त्यात? त्या कुलपाच्या आत?"

त्यांनी दोन वर्षांत कधी विचारलं नव्हतं. ज्ञानेश्वरीला खोटं बोलवेना. "माणसं असतात काका. कुणाला काय आजार आहे, कुणाच्या कसल्या तपासण्या झाल्या. कोण बाई नवऱ्याला न सांगता आली होती. सगळं."

भगवानराव खुर्चीत बसले. म्हणाले, "तिकडं डबा तरी होता. इथं एकेचाळीस फोन. हितला कार्बन जाळायचा कुठं मी?"

कुलपं बदलायला दुपारचे दोन वाजले. कोण आत शिरलं होतं का, ते ज्ञानेश्वरीने दोनदा तपासलं. कुणी नव्हतं. पण त्याने डॉक्टरमंडळींचं समाधान होणार नव्हतं. आतल्या खोलीत शिवशंकरचा फोन सकाळपासून खाली आला नव्हता. काचेतून दिसत होतं, तो उभा राहून नुसती मान हलवत होता.

"ऐक," भगवानराव टेबलावरून पुढे वाकले. "आत बोलावतील आता. तू तोंड उघडायचं न्हाई."

"म्हणजे?"

"फोटो माझा, नाव माझं. मी सांगतो काय सांगायचं ते."

"झाकण मी काढलं होतं काका."

"माझ्यासाठी काढलंस. मी डोकं खाल्लं म्हणून."

"मग? घालायला तर मी विसरले ना?"

"हळू बोल! हे बघ, तुझं आत्ताशी सुरू झालंय. ह्या धंद्यात असला डाग एकदा लागला की निघतो का? तूच सांगतीस ना, मशीन सगळं लिहून ठेवतंय, कधी इसरत न्हाई म्हणून? माझं काय, मी जातो घरी. गीताबाईच्या दोन शिव्या खाईन, तिसऱ्या दिवशी ती बी थकंल."

"आणि सहाची आंघोळ करून कुठं जाणार?"

त्यावर भगवानरावांनी तिच्याकडे पाहिलं. मग शर्टाची बाही नीट केली. "तू लय बोलतीस," ते म्हणाले.

शिवशंकरने बसायला सांगितलं. चेहरा उतरलेला, समोर चहा तसाच, साय धरलेला. "काका, पाथरीचे डॉक्टर म्हणायलेत, फोटो टाकणारा माणूस आम्हाला ग्रुपवर नको. मला त्यांना एक नाव द्यायचंय. कसं झालं हे?"

"मीच केलं साहेब. फोटो काढला, टाकला."

"ते दिसलं मला. पण पासवर्ड पडद्यावर आला कसा? तो तर झाकलेला असतो."

"ते... माझ्या हातून कायतरी दाबल्या गेलं."

"काका," शिवशंकरने डोळे चोळले, "तुम्हाला ते दाबता येत असतं तर मी हिला कशाला ठेवली असती?"

टेबलाखाली काकांची चप्पल ज्ञानेश्वरीच्या चपलेवर आली. चांगली जोराने. तिने पाय ओढून घेतला.

"मी काढलं होतं झाकण," ती म्हणाली. "सोमवारी दुपारी, पालमसाठी. परत घालायचं राहिलं. आणि सर, खरी चूक त्याच्याही आधीची आहे. झाकायची होती एक ओळ, मी कंटाळा केला आणि अख्खी पायरी झाकली. काही बिघडलं की उघडावीच लागणार होती. आज नाही तर उद्या हे होणारच होतं."

"ह्या पोरीला..." भगवानराव उठायलाच निघाले.

"बसा काका."

शिवशंकरने चहावरची साय चमच्याने बाजूला सारली. मग त्याने एकेक करून सांगितलं. दवाखान्यांना जाणाऱ्या पत्रात चूक कंपनीची म्हणून जाईल, नाव कुणाचं नाही. ज्ञानेश्वरीला लेखी समज. फोटो बंद, आजपासूनच. यादी संपली की मशीनच निरोप पाठवेल, नऊ गावांची नावं आणि पुढे ठीक किंवा अडलं, बाकी एक अक्षर नाही. काकांचं नाव ग्रुपमधून निघेल.

"मग मी..." भगवानरावांनी खिशातला चष्मा काढला, परत ठेवला. "न्हाई, बरोबरच हाय. मशीनच पाठवील ते चांगलं. मग मी सकाळी..."

 शिवशंकर खिडकीबाहेर पाहू लागला.

"काका वाचणार," ज्ञानेश्वरी म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"मला माझं लिहिलेलं दिसत नाही सर. चाळीस वेळा बघितलं तरी जे असायला पाहिजे तेच दिसतं. मशीन खरोखर काय काय बोलतंय ते दुसऱ्या कुणीतरी ओळ न् ओळ वाचलं पाहिजे. मी यादीत काही बदललं की दर वेळी."

"मी वाचत न्हाई," भगवानराव म्हणाले. "तुला म्हाईत हाय."

"म्हणूनच म्हणायले. न वाचता फोटो टाकलात ना?"

त्यांना फार लागेल असं बोलणं होतं ते, आणि बोलता क्षणी तिला कळलं. भगवानरावांची मान खाली गेली. शिवशंकर खाकरला. "शनिवारपर्यंत बघू," तो म्हणाला. "यांच्या वाचण्याने काही हाती लागतंय का बघू. नाही लागलं तर काका, तुम्हीच समजून घ्या."

बुधवारी काका आले, पण बोलले नाहीत. 'चहा घेतला का' एवढंही नाही. ज्ञानेश्वरीने यादी नव्याने बांधली होती. चावी आणायची पायरी वेगळी, तेवढीच झाकलेली. बाकी सगळं उघडं, म्हणजे कुठे काय दुखतंय ते दिसेल. आणि तपासायला म्हणून खरी चावी न वापरता तिने एक खोटीच चावी घातली होती, एका जुन्या मशीनवर. "ही खोटी," तिने कागदावर लिहून दाखवली. "ही कुठेही दिसली तर सांगायचं."

भगवानरावांनी पिशवीतून लाकडी फूटपट्टी काढली, पडद्यावर आडवी धरली आणि पहिल्या ओळीखाली बसवली. इंग्रजी अक्षरं त्यांना पाठ होती. अर्थ नव्हता. त्यांचं मन अजून जुन्याच वाटेने पळायचं. दहा ओळी झाल्या की फूटपट्टी पुढे आणि डोळे भलतीकडेच. मग स्वतःवरच चिडायचे, परत वर जायचे. पुटपुटत. गुरुवारी त्यांना काही सापडलं नाही. शुक्रवारीही नाही. शुक्रवारी संध्याकाळी गीताबाईंचा फोन ज्ञानेश्वरीला आला. "काय करायलीस गं माझ्या माणसाला? रातभर डोळे मिटून ए बी सी डी म्हणायलंय." पण आवाजात हसू होतं.

शनिवारी अकरा वाजता काकांनी फूटपट्टी खाली ठेवली. "एक सांग. हे सगळं हिरवं हाय."

"हो, मग चांगलंच आहे की."

"चांगलं काय त्यात? माणूस धडधाकट असल्यावर नीटच बोलतो. पडल्यावर काय बोलतंय ते दाखव मला. ह्याची डबी काढ."

"कशाची?"

"पालमच्या कूलरवाल्यानं काढली तशी. काढ पिन."

ज्ञानेश्वरीने जुन्या मशीनच्या डिस्कची पिन ओढली आणि यादी चालवली. पडदा लाल झाला. फूटपट्टी परत वर गेली. एक ओळ, दुसरी ओळ. पाचव्या ओळीवर ती थांबली.

"के," भगवानराव म्हणाले. "सात. पी. पी. मधी ते वाकडं चिन्ह. एन..." त्यांनी शेजारचा कागद ओढला. बोट कागदावर, बोट पडद्यावर. "माय. हे तेच हाय."

ती खुर्चीतून उठून त्यांच्या मागे गेली. खरंच होतं. प्रत काढायचा हुकूम देताना चावी त्या हुकुमातच लिहिलेली होती. काम झालं की मशीन नुसतं 'झालं' म्हणायचं. बिघडलं की मात्र कुठला हुकूम फसला ते अख्खंच्या अख्खं सांगायचं, चावीसकट. चाळीस वेळा तपासूनही हे तिच्या नजरेला पडलं नव्हतं, कारण तिने मशीन पाडूनच पाहिलं नव्हतं.

"बघितलंस?" काकांचा आवाज बारीक झाला होता. "चांगलं असताना तोंड मिटून बसायलंय, आन् ताप चढला की बडबडायलंय. घरातल्या माणसावानीच हाय गं हे."

"सर!" ज्ञानेश्वरीने काचेवर दोन्ही हातांनी थापा मारल्या. "सर, इकडं या!"

शिवशंकर आला, वाकला, पाहिलं. फूटपट्टी अजून त्याच ओळीखाली होती. त्याने काकांच्या खांद्यावर हात ठेवला, काही बोलणार तेवढ्यात त्याचा फोन वाजला. आत जाता जाता म्हणाला, "सोमवारी नेहमीच्या गाडीने या काका."

ज्ञानेश्वरीने लगेच हुकूम बदलला. चावी आता त्यात लिहायचीच नाही. मशीनने ती आपल्या आतल्या फायलीतून स्वतः उचलायची. काकांनी पुन्हा पिन काढायला लावली. पुन्हा लाल. पुन्हा फूटपट्टी. दीड तास. काही नव्हतं. तरी ते तिसऱ्यांदा वाचायला बसले.

चार वाजता त्यांनी पिशवी भरायला घेतली. डबा, पाण्याची बाटली, फूटपट्टी रुमालात गुंडाळून.

"काका, बोला ना आता तरी माझ्याशी."

"बोलायलोच की दिवसभर. के, सात, पी, पी."

"तसं नाही. रागावलाय तुम्ही."

"रागावू न्हाई तर काय करू? साहेबाम्होरं मला खोट्यात पाडलंस. उभ्या जन्मात कुणी पाडलं न्हवतं."

"खोटंच बोलायला लागला होता तुम्ही!"

"तुला चप्पल दाबली होती ना मी? कळत न्हाई चप्पल दाबलेली?"

"पाय दुखला माझा!"

"दुखूनबी गप बसली न्हाईस. लय जिद्दी हायस. बापाला कशी झेपतीस कोण जाणे." त्यांनी पिशवीचे बंद ओढले. वर पाहिलं नाही.

ज्ञानेश्वरी दाराशी जाऊन उभी राहिली, वाट अडवून नाही, पण अडवल्यासारखी. "एक विचारू काका? मी गप बसले असते तर? साहेबांनी जा म्हटलं असतं, तर खरंच गेला असता तुम्ही? परत त्या घरात, सात वर्षं काढली तिथं? माझ्या एका विसरण्यासाठी?"

भगवानरावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.   त्यांनी हात वर केला, तिच्या डोक्यावर क्षणभर ठेवला, पिशवी खांद्याला लावली आणि कठड्याला धरून सावकाश लोखंडी जिना उतरू लागले.

"काका?"

खाली वसमत रोडला पाथरीची एसटी हॉर्न देत होती. भगवानराव हात दाखवत गाडीकडे धावले.